वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या एका युनिटमध्ये मेकॅनिकल डिप्लोमा झालेला २७ वर्षांचा तरुण दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट इन्चार्ज झाला. हाताखाली २२ माणसं, त्यातली निम्मी त्याच्याहून वयाने मोठी. रात्रपाळीत स्क्रॅप (वाया गेलेला माल) वाढतो, एक जुने ऑपरेटर लॉगबुक भरतच नाहीत आणि शेठ रोज सकाळी त्यालाच जाब विचारतात. तो विचारतो, "मी कडक व्हावं की मित्रासारखं राहावं?"

मी याच धंद्यात ३१ वर्षं काढली. ट्रेनी म्हणून आलो आणि शेवटची १२ वर्षं प्रॉडक्शन बघितलं. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की कडक की मवाळ हे तूर्त बाजूला ठेवा. मी दोन्ही प्रकारचे इन्चार्ज पाहिलेत. एक जण बोलायला इतका तिखट की हेल्पर लांबून वाट बदलायचे, पण रात्री दोनला काही बिघडलं तर त्यालाच फोन लावायचे. दुसरा सगळ्यांशी भाऊ-दादा करणारा, आणि त्याच्या पाळीत काय चाललंय ते त्याला महिनाअखेर कळायचं. टीम तुमची झाली आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: काही चुकलं तर ते तुम्हाला किती वेळात आणि कुणाकडून कळतं. पाच मिनिटांत त्याच माणसाकडून कळलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी शेठकडून कळलं तर तुम्ही नावापुरते इन्चार्ज आहात.

हे मी मोठी किंमत देऊन शिकलो. साधारण तुमच्याच वयाचा असताना माझ्या रात्रपाळीत मिक्सरवर एक पोरगा होता. वजन करताना त्याचा हिशेब चुकला आणि एका बॅचमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे उष्णतेत माल जळू न देणारं द्रव्य, पडलंच नाही. तुम्हाला माहीत आहे, स्टॅबिलायझरशिवायचा कंपाउंड (पाइपसाठी कालवलेलं मिश्रण) मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये गेला की माल आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि डायमध्ये, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्यात, जळून बसतो. पोराच्या लक्षात आलं तेव्हा अर्धी बॅच हॉपरमध्ये, म्हणजे मशीनला माल पुरवणाऱ्या नरसाळ्यात, गेली होती. तो धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेब, माझ्या हातून चूक झाली. लाइन थांबवली, डाय खोलला, साफ केला, चार तास गेले. सकाळी दोन्ही पाळ्यांची माणसं उभी असताना मी त्याला नको ते बोललो आणि त्याचा दिवस कापायला लावला. पगारातून अशी मनमानी कपात कायद्यालाही मान्य नाही, हे मला पुढे समजलं. त्या सकाळी मात्र शिस्त लावली या समाधानात मी घरी जाऊन झोपलो.

तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याच पोराकडून फिलर दुप्पट पडला. फिलर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते जास्त झालं तर पाइप जळत नाही. दिसायला छान पांढरा निघतो, पण ठिसूळ होतो. हा पोरगा गप्प राहिला. माल पॅक झाला, गाडीत चढला आणि यावल तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत जमिनीखाली गेला. मे महिना. पंप सुरू झाला आणि प्रेशर आलं की पाइप उभाच्या उभा चिरायचा. एक जागा जोडली की पुढे दुसरीकडे चिरायचा. तक्रार आली म्हणून मी तिथे गेलो. मे महिन्यात केळीला चार दिवस पाणी नाही म्हणजे काय होतं, ते बघितलं. घड लागलेली झाडं पानं टाकून उभी होती आणि तो शेतकरी माझ्याशी भांडलासुद्धा नाही. त्याने मला माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "बघा साहेब."

परत आल्यावर त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, तुला कळलं होतं का? म्हणाला, हो. मग सांगितलं का नाहीस? तो खाली बघत म्हणाला, "मागच्यानं सांगितलं होतं ना साहेब. त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाह्यलं."

तुमच्या रात्रपाळीच्या स्क्रॅपकडे जाण्याआधी हे सांगणं गरजेचं होतं. दोन महिन्यांत तुमच्यासमोर कुणी स्वतःहून चूक कबूल केली आहे का, आणि केली असेल तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, ते आठवून बघा. त्या पहिल्या वाक्यावर पुढची दोन वर्षं ठरतात. मी स्वतःला एक क्रम लावून घेतला आणि तो निवृत्त होईपर्यंत पाळला. आधी "बरं झालं लगेच सांगितलं." मग "आता काय करायचं?" आणि माल वाचवून झाला, लाइन सुरळीत झाली, चहा झाला, की मग "हे झालं कसं?" शेवटचा प्रश्न आधी विचारला की माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. सुरुवातीला हे जमायला फार त्रास होतो. डोकं तापलेलं असतं, सकाळी शेठसमोर आपल्याला उभं राहायचं आहे हे दिसत असतं. तरी ते पहिलं वाक्य तोंडून निघालंच पाहिजे, दात आवळून का होईना.

दुसरी गोष्ट, लाइन थांबवायचा हक्क सगळ्यात नव्या हेल्परलाही द्या. जपानच्या टोयोटाने हे फार पूर्वी केलं. त्यांच्या असेंब्ली लाइनवर डोक्यावरून एक दोरी जायची. कुठल्याही कामगाराला काही वावगं दिसलं की तो ती ओढायचा. टीम लीडर धावत यायचा आणि ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची. आपल्याकडे एक्स्ट्रुडर, म्हणजे पाइप काढणारं मशीन, असं खटकन थांबवता येत नाही. गरम माल आत राहिला तर जळतो, हे मान्य. पण हॉपर बंद करणं, मिक्सरची बॅच रोखून धरणं आणि मला उठवणं, एवढं कुणीही करू शकतं. मी सांगून ठेवलं होतं की शंका चुकीची निघाली तरी कुणी काही बोलणार नाही. पहिल्या महिन्यात मला पाच वेळा उठवलं, त्यात तीनदा काहीच नव्हतं. तिन्ही वेळा मी शर्ट घालून आलो, बघितलं, "बरोबर केलंस" म्हणालो आणि परत गेलो. त्यातल्या एकदाही चिडलो असतो तर चौथा फोन आलाच नसता.

आता एक इशारा. तुम्ही हे सुरू केलंत की कागदावर तुमचा स्क्रॅप वाढेल. घाबरू नका. आजवर वाया गेलेल्या मालाचे जे लम्प (गोळे) गुपचूप दळायला ग्राइंडरमध्ये जात होते ते आता वजन होऊन रजिस्टरमध्ये चढतील. अमेरिकेत १९९०च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. ज्या टीम चांगल्या चालतात तिथे औषध देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. मग लक्षात आलं की तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, चुका बोलून दाखवत होती. आपल्या स्क्रॅप रजिस्टरचं अगदी तेच आहे. म्हणून शेठला आधीच सांगून ठेवा: "पुढचे दोन महिने आकडा वाढलेला दिसेल, कारण खरा आकडा पहिल्यांदाच लिहिला जातोय. त्यानंतर उतरला नाही तर मला विचारा." हे न सांगता सुरू कराल तर पहिल्याच आठवड्यात पाळीवर आरडाओरडा होईल आणि सगळं पुन्हा लपायला लागेल.

रात्रपाळीत स्क्रॅप का वाढतो हे इथे बसून मला सांगता येणार नाही. पण "रात्रीची माणसं कामचुकार" हे उत्तर मी शेवटी ठेवीन. येत्या पंधरा दिवसांत तीन रात्री पूर्ण पाळी काढा. न सांगता जाऊ नका, आधी सांगून जा. अचानक गेलात तर पोलीस म्हणून जाल आणि तुम्हाला जे दाखवायचं तेच दिसेल. सांगून गेलात की दोन तासांनी माणसं सैल होतात आणि मग खरी रात्र सुरू होते. मी अशा रात्री काढल्या तेव्हा काय सापडलं ते सांगतो. रात्री फिटर नव्हता, त्यामुळे पाइप ओढणाऱ्या हॉल-ऑफचा पट्टा सरकला की सकाळपर्यंत तसंच चालवायचं. स्टोअरच्या किल्ल्या शेठच्या भाच्याकडे, तो रात्री दहाला घरी. कंपाउंड दिवसपाळीने करून ठेवलेला, तो कूलिंग मिक्सरमध्ये पुरता थंड न करताच गोण्यांत भरलेला, त्यामुळे गोळे झालेला. मिक्सरवरचा हेल्पर सलग दुसऱ्या पाळीला उभा, कारण त्याचा जोडीदार आला नव्हता. यातलं एकही कारण त्या ऑपरेटरच्या हातात नव्हतं, आणि स्क्रॅप मात्र त्याच्या नावावर पडत होता.

लॉगबुकचंही तसंच झालं. एकदा मला रात्रीच्या जाडीच्या रीडिंगची आठ तासांची ओळ एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली सापडली. सगळे आकडे गोंडस, कुठे एक कण इकडेतिकडे नाही. माझं डोकं फिरलं. खोटी रीडिंग म्हणजे माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा, चुकीपेक्षा कितीतरी मोठा. तरी त्या वेळेला शहाणपण सुचलं आणि आधी म्हणालो, जाडी मोजायचा मायक्रोमीटर दाखव. मायक्रोमीटर नव्हताच. तो क्यूसीच्या (माल तपासणाऱ्या विभागाच्या) कपाटात, कुलूप लावून, कारण पूर्वी एक हरवला होता. सहा महिने रात्रपाळी अंदाजाने आकडे भरत होती आणि आम्ही सगळे त्याखाली सह्या करत होतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लाइनला एकेक मायक्रोमीटर साखळीने बांधला. त्यानंतरही एकाने खोटी रीडिंग भरली. त्याला दोनदा लेखी समज दिली, तिसऱ्या वेळी रीतसर चौकशी करून काढलं. त्या दिवशी पाळीवर कुणी चकार शब्द काढला नाही, कारण साधन दिलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. कडक व्हायची वेळ येते ती अशी. चूक कबूल केली तर मी बाजूने उभा राहीन, पण खोटं लिहिलं, मशीनचं गार्ड काढून चालवलं किंवा पिऊन आला तर नाही, हे पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगून टाकावं. या यादीत चारच्या वर नियम ठेवू नयेत. बाकीच्या बाबतीत ऑपरेटरला त्याच्या पद्धतीने काम करू द्या, तुमची पद्धत थोडी बरी असली तरी.

वयाने मोठ्या माणसांबद्दल. खानदेशला पाळ्या नव्या नाहीत, हे नव्या इंजिनिअरांच्या ध्यानात राहत नाही. अमळनेरची प्रताप मिल, भुसावळची रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र. तुमच्या ऑपरेटरचा बाप किंवा काका यांपैकी कुठेतरी भोंग्यावर उठलेला असतो. वरिष्ठ कसा असावा याचं माप त्यांच्याकडे घरूनच आलेलं असतं आणि पहिल्या आठवड्यातच ते तुम्हाला लावून बघतात. त्या मापात डिग्री धरत नाहीत. हा माणूस मशीनपाशी येतो का, न कळलेलं विचारतो का, दिलेला शब्द पाळतो का, एवढंच बघतात.

माझ्याकडे पारोळ्याकडचे एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. अहिराणी बोलायचे. मी पॅनेलवरचे बॅरलचे तापमान आकडे बघत असायचो आणि ते डोळे मिटून गिअरबॉक्सच्या बाजूला उभे असायचे. एकदा म्हणाले, "भाऊ, मशीन बोलस, आपन ऐकाले जोयजे." मला वाटलं, मला कमी लेखतायत. पुढे एकदा त्यांनी आवाजावरून स्क्रूचं बेअरिंग जात असल्याचं दोन दिवस आधी सांगितलं आणि मी ते कानाआड केलं. बेअरिंग गेलं, लाइन तीन दिवस बंद राहिली. त्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊन सरळ म्हणालो, आप्पा, मला ऐकायला शिकवा. महिनाभर रोज पाळी सुटल्यावर अर्धा तास आम्ही मशीनभोवती फिरायचो. त्या महिन्यात बाकीच्या १८ माणसांचं माझ्याशी वागणं बदललं, आणि त्यासाठी मी वेगळं काहीच केलं नव्हतं. पण हे नाटक म्हणून करू नका. ज्याची गरज नाही तो सल्ला विचारलात तर त्यांना लगेच कळतं.

ज्येष्ठांना मान देणं आणि निर्णय त्यांच्यावर सोडणं यात गल्लत करू नका. आप्पा लाइन जरा जाड चालवायचे. पाइप जाड निघाला तर परत येत नाही, हा त्यांचा हिशेब. मी हुकूम देऊन ते बदललं नाही. एका दुपारी गोणीवर खडूने गणित मांडलं. मीटरला २० ग्रॅम जास्त, ६ मीटरच्या पाइपला १२० ग्रॅम, पाळीला ४०० पाइप. ४८ किलो. म्हणजे रोज एका पाळीत २५ किलोच्या जवळपास दोन गोण्या फुकट. आप्पांनी त्या दोन गोण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, एवढ्यात तर माझा पगार निघतो. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः दर तासाला पाइपचा तुकडा वजन करायला लागले. आपण "वजन कमी करा" एवढंच सांगतो आणि कारण आपल्या डोक्यात ठेवतो. कारण समजलं की अनुभवी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. नव्या हेल्परचं उलट असतं. त्याला कारण नंतर सांगितलं तरी चालतं, आधी हात कुठे ठेवायचा नाही ते दहादा दाखवावं लागतं. दोघांना एकाच पद्धतीने वागवणं म्हणजे समानता, असं मला बरीच वर्षं वाटायचं. अनुभवी माणसाला त्यात अपमान वाटतो आणि नवा माणूस जखमी होतो.

चारचौघांत कुणाला बोलू नका, हे सगळीकडे सांगतात, पण आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. पाळीतली पाच-सहा माणसं एकाच गावची असतात. एकाच गाडीने अपडाऊन करतात, त्यात काका-पुतणे असतात, साडू असतात. पुतण्यासमोर काकाला बोललात तर ती गोष्ट संध्याकाळी गावच्या पारावर पोचते आणि दुसऱ्या दिवशी सहाही जणांचे चेहरे बंद असतात. बोलायचं असेल तर क्यूसीच्या खोलीत, दोघंच, बसून. शाबासकी मात्र त्याच सहा जणांच्या समोर द्या. ती पण गावात पोचते, आणि घरी बायको-मुलांच्या कानावर जाते.

रजांचा विषय मी महत्त्वाचा मानतो. आपला सीझन फेब्रुवारी ते मे आणि त्याच्या ऐन भरात आखाजी. पुण्या-मुंबईच्या मॅनेजरला अक्षय्य तृतीया म्हणजे एक सुट्टी वाटते. खानदेशात त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घरातला माणूस घरी नसला तर बोल लागतो. पुढे श्रावणात कानबाई देवीचा सण, तेव्हा रोटांना (देवीच्या प्रसादाच्या जेवणाला) सगळी भाऊबंदकी जमते, मग पोळा. मी पहिली काही वर्षं रजा नाकारायचो आणि आखाजीला निम्मी पाळी न सांगता गैरहजर असायची. नंतर होळीच्या आसपासच पाळीला एकत्र बसवायला लागलो. भिंतीवर कॅलेंडर, एक अट: आखाजीच्या तीन दिवसांत दोन लाइन चालल्या पाहिजेत, म्हणजे नऊ माणसं हवीत. कोण ते तुम्ही ठरवा. जे थांबतील त्यांना कानबाईला आधी रजा. मी बाहेर जाऊन चहा घ्यायचो आणि अर्ध्या तासात नावं तयार असायची. कुणाच्या बहिणीचं पहिलं वर्ष, कुणाच्या घरी दुःख झालंय, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असतं. शेवटच्या काही वर्षांत आखाजीला मला एकही अचानक गैरहजेरी आठवत नाही.

त्याला जोडूनच ओव्हरटाइम. तो मर्जीतल्या माणसाला देऊ नका. पाळीपाळीने द्या आणि यादी भिंतीवर लावा. दर दुप्पट असतो, १९४८च्या कारखाने कायद्यापासून. त्यात शेठ काटछाट करायला सांगत असतील तर ते त्यांच्याशी तुम्हाला बोलावंच लागेल. ज्याच्या घामाचे पैसे कापले जातात त्याच्याकडून इमानाची अपेक्षा करायला तोंड राहत नाही. आणि जे तुमच्या हातात नाही ते कबूल करू नका. "दिवाळीला पगारवाढ बघतो" हे वाक्य मी एकदा सहज बोललो होतो, दोन वर्षं ते लोकांच्या तोंडून ऐकलं.

उन्हाचं विसरू नका. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि एक्स्ट्रुडरशेजारी, पत्र्याखाली, त्याहून वाईट. तापलेल्या माणसाच्या हातून वजनं चुकतात, बोटं जातात. माठ मशीनपासून दहा पावलांच्या आत, दुपारी ताक, आणि डायवर काम करणाऱ्याला आळीपाळीने बाहेर काढायचं. हे कॅन्टीनवाल्याचं काम म्हणून सोडू नका, तुम्ही स्वतः बघा. माठ रिकामा आहे हे इन्चार्जला दिसलं, एवढी गोष्टही माणसं लक्षात ठेवतात.

आणि पॅकिंगच्या ताया. त्यांना मी कित्येक वर्षं काही विचारलंच नाही. एक दिवस पंखा बिघडला म्हणून तिकडे गेलो तर कोपऱ्यात २०-२५ पाइप वेगळे रचलेले दिसले. विचारलं, हे काय? एक मावशी म्हणाल्या, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येतंय दोन दिवसांपासून, हाताला लागतं. डायचं सेंटरिंग हललेलं, क्यूसीला न दिसलेलं. प्रत्येक पाइप त्यांच्या हातातून जातो. मी म्हणालो, मग सांगितलं का नाही? म्हणाल्या, कुणाला सांगायचं? त्या दिवसापासून पाळीच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या उभ्या बैठकीत पहिला शब्द पॅकिंगचा. ही बैठक तुम्हीही लावा. तुम्ही कमी बोला, काल काय अडलं तेवढंच विचारा आणि आदल्या दिवशी अडलेल्याचं काय केलं ते सांगा. दुसरा भाग चुकवलात तर आठवड्यात बैठक मेली समजा. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी दहा मिनिटं एकत्र उभे राहिलेच पाहिजेत, गेटवर हात हलवून चार्ज देणं बंद.

शेठ रोज सकाळी तुम्हाला विचारतात, ही तक्रार मला वाटत नाही. ते थेट ऑपरेटरला विचारत नाहीत, हे चांगलं आहे. विचारत असतील तर केबिनमध्ये जाऊन विनंती करा की पाळीचं काही असलं तर मला बोला. आणि केबिनमध्ये जे ऐकाल ते तसंच्या तसं खाली नेऊ नका. त्यातलं कामाचं काय ते काढून न्या. "शेठ म्हणाले म्हणून" हे शब्द तर बिलकूल वापरू नका. निर्णय पटला नसेल तर वर भांडा. एकदा झाला की तो तुमचा म्हणून सांगा. चूक पाळीची असली तर केबिनमध्ये "आमची चूक" म्हणा, माणसाचं नाव घेऊ नका. मालकापर्यंत कुणाचं नाव गेलं आणि कुणाचं नाही, हे खाली कसं कळतं ते देव जाणे, पण कळतं.

राहिले तुमचे ते लॉगबुक न भरणारे ऑपरेटर. आप्पाही भरायचे नाहीत. मी तीनदा समज दिली, ते मान डोलवायचे आणि वही कोरीच. मला तो उद्धटपणा वाटला. एका रात्री त्यांच्याजवळ उभा होतो तेव्हा दिसलं, ते मशीनचं रीडिंग बघत होते, वहीचं पान बघत होते आणि पेन हातात धरून थांबले होते. रकान्यांची नावं सगळी इंग्रजीत होती. चौथी शिकलेला माणूस, आकडे चोख, पण कुठला आकडा कुठे हे हेल्परला विचारायची लाज. फॉर्म मराठीत करून घ्यायला मला एक दुपार लागली.

तुमच्या ऑपरेटरचं कारण हेच असेल असं नाही. चष्म्याचा नंबर बदललेला असेल, वही मशीनपासून लांब असेल, किंवा भरलेली वही कुणी उघडत नाही हे त्यांनी पाहिलं असेल. नोटीस काढायच्या आधी एका रात्री त्यांच्या शेजारी स्टूल टाका, त्यांनी रीडिंग सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, पूर्ण पाळीभर. सकाळी सहाच्या सुमारास, दोघांचेही डोळे लाल झालेले असताना, ते स्वतःच सांगतील.